रिकाम्या काडतुसांचा डबा

१२ जानेवारी

मेव्हणे,

आधी या दोन हातांनी मी काय काय केलंय ते लिहितो, मग तुमच्या पत्राकडे वळतो. जुन्या खाणीच्या पोटातला मातीचा बांध, पुरुषभर उंच, त्यातली माती तीनदा चाळलेली, कारण एक खडा राहिला तरी छर्रा उलटा येतो. निशाणं लावायच्या सहा चौकटी, दोरी ओढली की एकदम तोंड फिरवणाऱ्या, खाली सायकलच्या चाकांची बेअरिंगं. बंदूक ठेवायचा ओटा, नेमका कोपराच्या उंचीचा. कानांवर घालायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या टोप्या. लेथवर काढलेली लाकडी खोटी काडतुसं, बुडाला रबर, म्हणजे घरी सराव करताना घोडा कोरड्यावर आपटत नाही. चाप किती ओढल्यावर सुटतो ते मोजायचा काटा, भाजीवाल्याच्या मोडक्या तराजूतून काढलेला. यातलं एकही मला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकं आणली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांनी आयुष्यात बेअरिंग उघडून पाहिलं नसावं.

आता तुमचं पत्र. पैशांच्या गाडीवर तुम्हाला बंदूकवाल्याची जागा मिळाली, अभिनंदन. पुढे तुम्ही लिहिता, "फौजेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून बंदूक हातात नाही, पण भाऊजी, सायकल चालवायची कुणी विसरतं का?" मेव्हणे, सायकल विसरलात तर गुडघा फुटतो. शेजारी ड्रायव्हर आणि मागे पैशांच्या पेट्या घेऊन बसलेला माणूस विसरला तर काय फुटतं, ते सवडीनं कळवा.

हात म्हणजे काही भिंतीवर टांगलेलं पदक नाही, पुसलं की चमकायला. हात गंजतो. माझ्या दुकानात लेथचा पाट आठ दिवस पुसला नाही तर त्याच्यावर बोट ओढून नाव लिहिता येतं. तुमच्या खांद्यावर नऊ वर्षांचा थर आहे आणि तुम्ही मला सायकल सांगता.

रविवारी सकाळी सातला खाणीवर या. फोन करू नका. जुन्या काळी कापसाचे बोळे घालून बार काढले, त्याचं फळ म्हणून फोनमध्ये मला बाटलीत माशी अडकल्यासारखंच ऐकू येतं. लिहा. लिहिताना माणूस निदान एकदा तरी विचार करतो, असं म्हणतात. तुमच्या पत्रावरून खात्री पटत नाही.

तुमच्या ताईनं आशीर्वाद सांगितलेत. माझ्याकडून तूर्त काही नाही.

भाऊजी


२० जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

पत्र पोचलं. कागद हाताला गरम लागत होता.

एक विचारू का? तुम्ही गणवेश कधी घातलात? नाही ना? मी बावीस वर्षं घातला. पावसात, चिखलात, पोटावर रांगत बंदूक चालवली. तुम्ही चालवता चाळलेल्या मातीपुढे, ओट्यावर कोपर टेकवून. आणि मला शिकवणार! आमची मंडळी म्हणाली, "जा हो, तेवढाच तुमच्या भाऊजींचा जीव रमेल." म्हणून येतो. शिवाय ताईचा फोन आला होता. ती म्हणाली, "ह्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, पण ह्यांचं ऐक." आता या दोन्हींत फरक काय, ते तिलाच माहीत.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट आहे. गाडीच्या ड्रायव्हरला दोन लहान मुली आहेत. पहिल्या दिवशी त्यानं माझी बंदूक पाहिली, मला पाहिलं, आणि विचारलं, "काका, चालते ना?" मी म्हटलं, अलबत चालते. तो म्हणाला, "बंदुकीचं नाही विचारलं."

रविवारी सातला नाही, आठला येईन. पहिली बस पावणेसातची आहे. ती तुमच्या हातांनी केलेली नाही, त्यामुळे वेळेवर येईलच असं नाही.

तुमचा मेव्हणा


३ फेब्रुवारी

मेव्हणे,

दोन रविवार झाले. कानांवर टोप्या असल्यामुळे तिथे बोलता आलं नाही, म्हणून निकाल लेखी देतो.

पहिल्या रविवारी तुम्ही दहा बार काढलेत. निशाणाच्या कागदाला त्यातल्या सहांनी स्पर्शही केला नाही. बांधाचं मात्र चांगलंच नुकसान झालं, डावीकडचा कोपरा मी सोमवारी पुन्हा थापला. चाप तुम्ही ओढत नाही, उपटता, घोंगावणारा डास पकडावा तसा. बार होण्याच्या आधीच डोळे मिटता. बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही? सांगितलं असेल, तेव्हाही मिटलेले असतील.

दुसऱ्या रविवारची गंमत तुम्हाला कळली नाही, म्हणून सांगतो. उजव्या नळीत खरं काडतूस होतं, डावीत मी गुपचूप लाकडी घातलं होतं. डावीचा चाप ओढलात, आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरी नळीनं वाकून जमिनीला नमस्कार केला. म्हणजे धक्का बंदूक देत नाही, तुम्हीच आधी देता. तुमची चूक मी बोलून दाखवली नाही, बंदुकीकडून वदवली. हे कुठल्या छावणीत शिकवतात ते कळवा, मीही प्रवेश घेईन.

आता नियम. रोज घरी, भिंतीकडे तोंड करून, लाकडी काडतुसांवर वीस वेळा चाप. नळीवर एक नाणं ठेवायचं. नाणं पडलं तर ती खेप मोजायची नाही. दर रविवारी खाणीवर खरे दहा बार. एक रविवार चुकला तर पुढच्या वेळी कारण सांगू नका, मला ते दिसेल.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दोन बार झाले की बंदूक बिजागरीवर वाकवून उघडायची, रिकामी काडतुसं बोटांनी काढायची आणि डावीकडे फळीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. फेकायची नाहीत. मग नवी भरायची. तुम्ही रविवारी दोन जमिनीवर टाकलीत. त्यातल्या एकावर पाय पडून माणूस भरल्या बंदुकीसकट घसरतो. माझ्या खाणीत जमिनीवर एक रिकामं काडतूस मी आजवर राहू दिलेलं नाही.

भाऊजी


६ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

नाणं पडत नाही. काल रात्री जेवणानंतर वीस वेळा चाप ओढला, नाणं नळीवर बसून राहिलं, जसे तुम्ही आमच्या घरी आलात की खुर्चीत बसता. मंडळी म्हणाली, "भिंतीवरच्या त्या डागाला रोज मारता, एकदा पुसून का नाही टाकत?"

तिचा बटणांचा डबा मी घेतला आहे. लाकडी काडतुसंसुद्धा काढून त्यातच ठेवतो, डाव्या हाताला. आता बघावंही लागत नाही. बंदूक उघडली की बोटं आपोआप जातात, टक-टक असा आवाज आला की पुढची भरतो. तुम्हाला आनंद होईल म्हणून कळवलं. झाला तरी तुम्ही लिहिणार नाही, हे माहीत आहे.

मागच्या रविवारी दहापैकी नऊ कागदावर होते. तुम्ही कागद काढलात, उजेडात धरलात, उलटा केलात, मागूनही पाहिलात आणि घडी करून खिशात घातलात. ताई म्हणाली की तो तुम्ही दुकानात लेथच्या वर खिळ्याला लावलाय. खोटं असेल तर कळवा.

ड्रायव्हर आता विचारत नाही. परवा स्वतःहून म्हणाला, "काका, तुम्ही बंदूक हातात घेता ना, तशी आमची थोरली पेन्सिल धरते. घट्ट नाही, सैल नाही." एवढी वर्षं नोकरी केली, भाऊजी, पण असं कुणी बोललं नव्हतं. उतारवयात एखादं काम पुन्हा नीट यायला लागलं की भूकसुद्धा वाढते.

तुमचा मेव्हणा


२० मे

मेव्हणे,

कागद खिळ्याला लावला कारण तिथे भिंतीचा पोपडा निघाला होता.

आठ दिवसांपूर्वीची बातमी मला वर्तमानपत्रात वाचायला मिळते, हे काय? गोदामाच्या फाटकाशी पैशांची गाडी अडवली, मोटारसायकलवरून आलेले दोघे, हातात लोखंडी गज, बंदूकवाल्याचे दोन बार, चोर पसार, रक्कम सुरक्षित. आणि तुमच्याकडून एक ओळ नाही! रविवारी आला नाहीत तेव्हा मी तुमच्या नावानं इतकं बोललो, की तुमची ताई उठून आत गेली. तिला तुम्ही फोनवर "खांदा जरा मुरगळलाय" एवढंच सांगितलंत म्हणे.

असो. दोन बारांत काम झालं. यात तुमचं कौतुक करायचं कारण नाही, हे व्हायचंच होतं. तीन महिने रोज वीस वेळा केलं की हात स्वतः जागा होतो, माणसाला विचारत बसत नाही. नऊ वर्षं कपाटात ठेवलेली तुमची सायकल त्या दिवशी बाहेर काढली असती, तर आज मी हे पत्र वेगळ्या कागदावर लिहीत असतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बातमी वाचायला देतो. वाचून होईपर्यंत काम हातात घेत नाही.

गणवेशाचं पुन्हा काढू नका. त्या फाटकाशी जे उपयोगी पडलं ते माझ्या खाणीतलं होतं.

खांदा मुरगळला तर शेक द्या आणि रविवारी या.

भाऊजी


२९ मे

भाऊजी,

खांदा मुरगळलेला नाही. डावीकडचं कॉलरबोन मोडलं आहे. ताईला सांगू नका, मी हळूहळू सांगेन.

बातमीत आलं ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं ऐका.

गज घेऊन दोघे धावत आले. मी गाडीतून उतरलो. पहिला बार हवेत काढला. ते थांबले नाहीत. दुसरा मोटारसायकलच्या चाकात, बरोबर बसला, टायर फाटला. हात जराही हलला नाही. नळीवर नाणं असतं तरी पडलं नसतं. दोघे दहा पावलांवर थबकले. तेवढा वेळ मला पुरत होता. नवी काडतुसं कमरेला होती. बंदूक उघडायची, भरायची, बंद करायची, संपलं.

मी बंदूक उघडली. रिकामी दोन्ही बोटांनी काढली. आणि डावीकडे वळून डबा शोधू लागलो.

हसू नका. मला खरंच डबा हवा होता. तिथे गाडीचं चाक होतं. मग मी ती काडतुसं शर्टाच्या खिशात ठेवली, एक आत गेलं, दुसरं अडकलं, ते खाली मान घालून नीट बसवलं. तेवढ्यात गज खांद्यावर आला. ड्रायव्हरनं भोंगा धरून गाडी मागे घेतली, त्यांच्या अंगावर घातली, म्हणून ते पळाले. गज अर्धी वीत उजवीकडे पडला असता, तर तुम्ही खरंच वेगळ्या कागदावर लिहीत असता.

दवाखान्यात नर्सनं शर्ट कापला. खिशातून दोन रिकामी काडतुसं निघाली. ती म्हणाली, "काका, एवढं काय जपून ठेवलंय?"

हे मला कोणत्या छावणीत शिकवलं, भाऊजी? आम्ही चिखलात रांगायचो तेव्हा काडतुसं कुठे पडली हे कुणाचा बाप बघत नव्हता. बावीस वर्षं मी ती फेकली. तीन महिन्यांत तुम्ही मला ती वेचायला लावलीत. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रही वाचायला द्या. आणि वाचून होईपर्यंत काम हातात घेऊ नका.

तुमचा मेव्हणा


५ जून

मेव्हणे,

पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, तुम्ही स्वतःचा धांदरटपणा माझ्या फळीवर आणून ठेवताय. तसं लिहायलाही बसलो. चांगलं झणझणीत लिहिलं होतं. मग खाणीवर गेलो.

डबा उचलून दूर ठेवला. मी एकटाच होतो. दोन बार काढले, बंदूक उघडली आणि मनाशी ठरवलं की काडतुसं उजवीकडे फेकायची. हात डावीकडे गेला. फळीवर, डबा होता नेमक्या त्या जागी, बोटं उघडली, आणि दोन्ही काडतुसं गडगडत खाली गेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी मोठ्यानं म्हटलं, "उजवीकडे!" बहिऱ्या माणसानं स्वतःवर ओरडण्यात अर्थ नसतो. माझी बोटं तुमच्याहून हट्टी निघाली.

डबा मी ठेवला होता. एवढं लिहितो. पुन्हा लिहिणार नाही आणि भेटल्यावर विचारायचं नाही.

मात्र हवेत बार काढायचा शहाणपणा माझ्याकडचा नव्हे. दोनच नळ्या असताना एक आभाळाला देणं, हे तुमच्या गणवेशाचं दान. त्याचा खर्च माझ्या खात्यावर टाकू नका.

यापुढे खाणीत असं चालेल. बंदूक उघडली की रिकामी काढायची आणि टाकून द्यायची. कुठे पडली ते बघायचं नाही. नजर निशाणावर. भरायचं, बंद करायचं, एक पाऊल बाजूला. सगळे बार संपले, बंदुका ओट्यावर गेल्या, की मग वाकून वेचायचं. सरपटत न्यायची एक बुटकी पाटी मी त्यासाठी केली आहे, पायांखालची जागा साफ करायला. सध्या जमीन उकिरड्यासारखी दिसते आणि मला रात्री त्याच विचारानं झोप लागत नाही. तुम्हाला ऐकून बरं वाटेल.

हाड जुळेपर्यंत बार नाही. पण खुर्चीत बसून उजव्या हातानं लाकडी काडतुसं काढून फेकायला डॉक्टर नाही म्हणणार नाही. रोज चाळीस वेळा. उचलून देण्याचं काम दुसऱ्या कुणाला सांगा, तुम्ही स्वतः उचलायचं नाही. मंडळी चिडेल. चिडू द्या.

भाऊजी


२१ जून

भाऊजी,

चार दिवसांपूर्वी आमच्या कंपनीच्या साहेबांची गाडी तुमच्या खाणीच्या रस्त्याला उभी होती. ड्रायव्हरनंच त्यांना नेलं होतं, त्यानंच मला सांगितलं. तुम्ही दोघं तासभर ओट्याशी बसला होतात. चहा झाला. शेवटी साहेबांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला.

काल मला बोलावणं आलं. गाडीवरून काढून फाटकावर खुर्ची देताहेत. येणाऱ्याला सलाम, जाणाऱ्याला सलाम, बंदूक नाही. मी म्हटलं, हाड जुळू द्या, मग परीक्षा घ्या, हवी तशी घ्या. साहेब म्हणाले, "बघू. तुमच्या भाऊजींचं मतही घेतलंय. त्यांच्यासारखा जाणकार या भागात नाही."

तुमचं मत! म्हणजे काय असणार ते मला पाठ आहे. डास पकडणारा. डोळे मिटणारा. काडतुसं खिशात घालणारा. मी तुम्हाला जे पत्रात लिहिलं, नर्सचं सुद्धा, ते तुम्ही चहाबरोबर वाढलंत. साखर किती घातलीत?

बावन्नाव्या वर्षी मला एक गोष्ट नीट यायला लागली होती. ड्रायव्हर माझ्या शेजारी बसून गाणी म्हणायला लागला होता. ते गेलं. तुमची लाकडी काडतुसं ताईकडे पाठवतो. रविवारी येणार नाही. यापुढच्या कुठल्याच रविवारी नाही.

मेव्हणा


२४ जून

मेव्हणे,

लाकडी काडतुसं आली. दोन कमी आहेत. शोधून पाठवा.

साहेब आले होते हे खरं. चहा तुमच्या ताईनं पाठवला होता, मी नाही. पांढरे बूट घालून खाणीत येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आल्या आल्या न विचारता चौकटीची दोरी ओढली, चौकट फिरली, तर दचकून मागे सरले आणि ओशाळून म्हणाले, "वा, ऑटोमॅटिक!" सायकलच्या बेअरिंगला ऑटोमॅटिक! पुढे म्हणाले, "आमच्या गार्डांना वर्षातून एक रविवार सराव पुरे आहे. शेवटी कुणी रोज थोडंच मारतंय?" मी विचारलं, दात वर्षातून एकदा घासता का? त्यांना ऐकू आलं नसावं. बहिऱ्यांत मी एकटाच नाही.

मग तुमचा विषय निघाला. ड्रायव्हरनं त्यांना खिशाचं सांगितलं होतं, माझ्या आधी. वाईट हेतूनं नव्हे, तो घाबरला होता. साहेबांचं म्हणणं, वय झालं, हात गेला, भांबावले.

मी त्यांना म्हटलं, हात गेलेला माणूस काडतुसं खाली पाडतो. या माणसाच्या हातानं डोक्यावर गज येत असताना दोन्ही काडतुसं काढली, डबा शोधला, डबा नाही म्हटल्यावर खिसा शोधला आणि एकही पडू दिलं नाही. हात शिकवल्याप्रमाणे चालला. शिकवणं चुकलं. मग त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं? तेव्हा मी त्यांना फळीपाशी नेलं, डब्याची जागा दाखवली, आणि मी, असं म्हटलं. त्या पांढऱ्या बुटांपुढे. तुम्हाला पत्रात लिहिताना जितकं जड गेलं, त्याहून ते जड होतं. तुम्ही निदान घरचे आहात.

ते वाकून बुटांवरची माती झटकत राहिले. तुमच्या परीक्षेला मात्र कबूल झाले: ऑगस्टचा शेवटचा रविवार, माझ्या खाणीत, चार बार, मध्ये एकदा भरणं. त्यांनी तुम्हाला हे अजून सांगितलं नाही, कारण मी सही करून देईन अशी आशा त्यांना तेव्हाही होती. पाठीवर हात त्यासाठीच ठेवला. शर्ट मी धुवायला टाकला.

ऑगस्टला दोन महिने आहेत. तुम्ही परवा खिशात हात घालून चालत होता असं तुमची ताई म्हणाली. खिशात हात घालायचा नाही. रविवारी सातला या. बस आठला पोचवत असेल तर आदल्या रात्री आमच्याकडे झोपायला या, गादी घातली आहे.

आता ती सही कशावर हवी होती, ते. कंपनीचे झाडून सगळे गार्ड दर वर्षी एक रविवार माझ्या खाणीत, पाच वर्षांचा करार, खाणीच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी, आणि त्याआधी एका ओळीच्या कागदावर माझं मत, की तुमचा हात आता बंदुकीचा राहिलेला नाही. मी नाही म्हणालो. महिना चाळीस हजार देत होते.

भाऊजी